तिनं ओ दिली होती

२० मे २०२४
गोंडपिपरी

मोनू बेटा,

पत्र पाहून तुले हसू येईन. आता कोण पत्र लिहिते वं? पण तुह्या मोबाइलवर माहा नंबर लागतच नाई. पंधरा दिवस लावून लावून पाह्यला. मंग परवा खुशालभाऊच्या फोनवरून लावला, तर तू लगेच उचलला. 'बाबा' म्हटलं, आन् माहा आवाज आयकून ठेवून दिला. तवा समजलं का नंबर खराब नाई, मीच खराब आहो.

पोस्टमन म्हणे, गडचिरोलीच्या नर्सिंग होस्टेलचा पत्ता बरोबर असन तर पत्र पोचते. सातवी शिकली आहो, अक्षराले नाव ठेवू नको.

तुहे बाबा बरे आहेत. तलावावर जातात, मासोळी आणतात. रांधाले मी आहोच. तुही माय माही धाकटी जाऊ होती, पण वीस वर्सं एका चुलीवर रांधलं आमी दोघीनं. भांडण झालं असन, वाटणी नाई झाली. हे तुले माहीत आहे, तरी तू तेरवीच्या दिवशी सगळ्याईसमोर मले म्हटलं, 'मोठी माय, तुह्या गटानं माही माय खाल्ली.'

वाघानं खाल्ली पोरी. गटानं नाई.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आमी मोहफुलाच्या लाडवाची कढई चढवली, ते तुले झोंबलं. झोंबणारच. पण चंद्रपूरची पहिली ऑर्डर होती. पहिलीच ऑर्डर चुकली असती तर दुसरी कोणी दिली नसती. बचत गटाच्या अकरा बायाईनं सहा दिवस प्रशिक्षण घेतलं, सरकारी अनुदान आलं, सुकवणीचं यंत्र आलं. मी अध्यक्ष. मी रडत बसली असती तर बाकीच्या बाया कोणाच्या तोंडाकडे पाहणार होत्या?

आन् त्या सकाळचं मी सांगतलंच आहे, पुन्हा सांगतो. तू लहानपणी टोपली घेऊन मागं मागं येत होती, तुले रीत ठाऊक आहे. मोह्यावर अंधारात जाचं असते, एकीचं झाड इथी, दुसरीचं तिथी. म्हून एकीनं हाक माराची आन् दुसरीनं ओ द्याची. टोपली भरेपर्यंत धा वेळा. ओ नाई आली तर टोपली टाकून धावाचं. तसंच केलं. मी हाक मारली, तिनं ओ दिली. मंग जराशानं पुन्हा मारली तर ओ नाई आली, आन् मी धावली. पंचनाम्यातही हेच लिहून आहे.

तूच सांग, याच्यात माहं काय चुकलं?

जेवत जाय वेळेवर.

तुही मोठी माय,
वच्छला


९ जुलै २०२४

मोनू,

पत्राले जवाब नाई. राहू दे. मीही हेकट आहो, लिहीन.

शिरीन मॅडमचा फोन आला होता. त्याच आपल्या चंद्रपूरच्या प्रशिक्षणवाल्या. त्यायनं सांगतलं का गडचिरोलीच्या प्रदर्शनात तू आमच्या स्टॉलवर आली होती. लाडवाचं पाकीट उचललं, पाकिटावरच्या फोटोकडे पाहत राह्यली आन् म्हटलं, 'ही बाई मेली आहे.' गिऱ्हाईक तिथीच उभं होतं म्हणे. मंग तू पाकीट ठेवून चालली गेली.

मोनू, पाकिटं ती जिवंत होती तवाच छापून आली होती. फोटो प्रशिक्षणातला आहे. मॅडमनं हिरवी जाळी वाटली आन् सांगतलं, मोह्याखाली पालापाचोळा जाळू नका, जाळी अंथरा. आगीनं जंगल जळते, फुलाले धुराचा वास लागते, माती लागते. शहरातले लोक तसलं फूल खात नाईत. हे सगळं खरंच आहे वं, त्याच्यात खोट नाई. पण जाळ्या आल्या चार आन् बाया अकरा. तवा मी म्हटलं, आपण ढिवर लोक, आपल्या घरी जाळ्याले काय तोटा? जुन्या मासोळीच्या जाळ्या काढा! मॅडम इतक्या खूश झाल्या का त्यायनं सगळ्याईले टाळ्या वाजवाले लावलं.

तुह्या मायनं सासऱ्याची जुनी जाळी पदरावानी डोक्यावर घेतली आन् मले म्हणे, 'बाई, जाळीत मासोळी धरतात. फुलं कोणी धरते का?' सगळ्या हसल्या. तीही हसली. तोच फोटो आहे तो.

पाच हजार पाकिटं. फेकाची कशी? आता आमी वजनाचं स्टिकर तिच्या तोंडावर लावतो. मीच सांगतलं बायाईले. पहिल्या दिवशी कोणाचा हात उठेना, मंग मीच शंभर-दीडशे लावले. खालून तिचे दात दिसतात जरासे.

तेही बरं नाई दिसत. मले माहीत आहे.

वच्छला


१२ नोव्हेंबर २०२४

मोनू बेटा,

दिवाळीले आली नाई. खुशालभाऊनं दोन दिवस एसटीच्या वेळेले फाट्यावर जाऊन पाह्यलं. मले म्हणत, तंबाखू आणाले जातो. तंबाखू तर घरीच होता. तिसऱ्या दिवशी गेले नाईत. मी करंज्या केल्या, त्यायनं एक खाल्ली, बाकीच्या डब्यात मऊ पडल्या.

एक गोष्ट तुले दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगतो. गावात तोंडं बहुत आहेत.

तुह्या मायले जाळी पटलीच नोती. फोटोत हसली, पण घरी आल्यावर म्हणे, 'बाई, खाली जाळलं का लांबवर नजर जाते. धुराच्या वासानं जनावर दूर राह्यते. जाळी अंथरली का चारीकडे झुडूप तसंच राह्यते. वाकलेल्या बाईले काय दिसन?' मी म्हटलं, तुले गट नाई समजत, धंदा नाई समजत. ती म्हणे, 'धंदा तू समज. मोहा मले समजते.'

उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, असं वाटलं मले तवा. अध्यक्षपणा डोक्यात गेला होता माह्या. कोण्या बाईनं 'वच्छलाताई' म्हटलं का पाठ सरळ होत होती.

मंग मार्चच्या शेवटी तिनं कोणाले न सांगता आपल्या झाडाखाली पाला जाळला. दुसऱ्या दिवशी तिची टोपली आली. मी वास घेतला. धूर. मॅडम त्या दिवशी पाह्याले आल्या होत्या, सगळ्या बाया बसून होत्या. मी तिची टोपली उचलली आन् आंगणात उलटी केली. म्हटलं, 'हे ढोराले टाक. गटात चालत नाई.'

मॅडम म्हणत होत्या, राहू द्या हो ताई, ही फुलं वेगळी ठेवू. मी नाई आयकलं. घरच्याच बाईले सोडलं तर बाकीच्या काय म्हणतीन, हे माहं डोकं.

तुही माय खाली बसली आन् एक एक फूल वेचून पुन्हा टोपलीत घातलं. लय वेळ लागला तिले. आमी सगळ्या पाहत बसलो. तू म्हणशीन, तू काऊन नाई बसली तिच्याजवळ वेचाले. मीही तेच म्हणतो स्वतःले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जाळी अंथरली. जाळणं बंद. आयकलं पोरी तिनं माहं.

पण राग नोता ठेवला तिनं. त्या सकाळी मी हाक मारली तवा ओ दिली ना! राग असता तर दिली असती का? एवढं तू मनात धर.

डब्यातल्या करंज्या खुशालभाऊ तलावावर नेऊन मासोळ्याईले टाकून आले.

वच्छला


१६ फेब्रुवारी २०२५
एटापल्ली

मोनाली,

हे पत्र एटापल्लीवरून आहे. दचकू नको, बरी आहो. मॅडमनं मले ट्रेनर करून आणलं. छातीवर बिल्ला आहे, 'वच्छलाताई' लिहून. इथल्या माडिया बायाईले जाळीवर मोहा कसा वेचाचा ते शिकवाले चार दिवस झाले आली आहो. येता येता एसटी गडचिरोलीच्या स्टँडवर पाऊण तास थांबली होती. तुहं होस्टेल पायी धा मिनटाचं. मी उतरली, रस्ता वलांडला, रसवंतीपर्यंत आली आन् वापस जाऊन बसली.

आज जे झालं ते आजच लिहितो.

मी बायाईपुढे जाळी अंथरून दाखवली. लाडवाची पाकिटं वाटली. एक म्हातारी पाकीट घेऊन नखानं स्टिकर खरडत बसली होती. खरडून खरडून तिनं तुह्या मायचं तोंड मोकळं केलं. मंग गोंडीत काही बोलली. इथली एक पोरगी मराठीत सांगे, 'आजी इचारते, हे न जाळता जाळी अंथराचं, चारीकडे झुडूप ठेवाचं, हे कोणी करून पाह्यलं का? ही फोटोतली बाई करते का? करत असन तर तिलेच काऊन नाई आणलं? तुमाले नाई, तिले इचाराचं आहे.'

सगळ्या माह्याकडे पाहून राह्यल्या. शिरीन मॅडम जमिनीकडे पाहून राह्यल्या.

मी म्हटलं, 'ती घरी आहे. तिले गाडी लागते.'

असं बोलली मी. फट्कन. जिभेले हाड नाई म्हणतात ते काही खोटं नाई. म्हातारी मान डोलवून बसली. तिचं समाधान झालं. त्याच्यापुढे मले शिकवता नाई आलं. मॅडमनं पुढचं सांगतलं. दोघीदोघीनं एका झाडाखाली राहा, एकीनं वेचाचं, एकीनं पाह्याचं, असंही सांगतलं. हे मागल्या वर्सी प्रशिक्षणात नोतं. आता आलं.

मोनू, तुले एक सांगाचं आहे. इथी नाई लिहिता येत. घरी जाऊन लिहितो.

वच्छला


२७ मार्च २०२५

मोनाली बेटा,

सव्वा महिना झाला, सांगतो म्हटलं आन् बसली नाई. चोराच्या मनात चांदणं. दररोज कागद काढला, दररोज कढई घासाले घेतली.

मोहा पडाले लागला आहे. आज पहाटे मी गेली होती.

आता आयक. मधात थांबू नको, मीही थांबत नाई.

टोपली उलटी केल्यापासून तुही माय माह्याशी बोलत नोती. चार दिवस. चुलीवर एकाच वेळी दोघी बसलो तर ती मीठ स्वतः उठून घे, मले मागत नसे. घरात कोणाले काही वाटलं नाई, जावाजावांचं चालतेच. मीही बोलली नाई. मी मोठी, मी अध्यक्ष, मी काऊन पहिले बोलू?

चार एप्रिलले आमी मोह्यावर गेलो. बाकीच्या बाया त्या दिवशी पहाडीकडे होत्या, नाल्याकडे आमी दोघीच. ती पुढं, मी मागं, एक शब्द नाई. तिनं नाल्याच्या पल्याड जाळी झटकली, तो आवाज आला मले. मंग आमी आपापलं वेचाले लागलो.

जरा वेळानं मी हाक मारली. रीत म्हून मारली. 'साधना ऽऽ' म्हटलं.

ओ आली नाई.

मले वाटलं, राग आहे. अजून आहे म्हणे राग! दुसरी हाक मारली. नाई. तिसरी मारली. नाई. मंग मी काय म्हटलं ते तुले लिहिणं आहे, नाई तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाई. मी मोठ्यानं म्हटलं, 'राह्य मेली तशीच.'

आन् वेचत राह्यली. पहिली टोपली भरली होती, दुसरी अर्धी होती. मी दुसरी टोपली भरली, पोरी. पूर्ण भरली. धावली नाई. उजेड झाला तवा चालत गेली. मनात होतं, आज तिले चांगलंच सुनावतो.

जाळी होती. जाळीवर फुलं होती, टपटप वरून अजून पडून राह्यली होती. तिची टोपली सरळ उभी होती. एक चप्पल. झुडपाकडे जाळीचं एक टोक ओढलेलं होतं. पुढचं तुले माहीत आहे.

ती पहिल्या हाकेआधीच गेली असन का तिसऱ्या हाकेनंतर, हे मले मरेपर्यंत समजणार नाई. डॉक्टरले मी इचारलं नाई. माही हिंमत नोती.

लोक जमले. वनवाले आले. एकानं इचारलं, 'तुम्ही हाक मारली नाई का बाई?' खुशालभाऊ समोर उभे होते, हातात तिची चप्पल. मी म्हटलं, 'मारली. तिनं ओ दिली.' ते शब्द मी ठरवून नाई बोलली. पण बोलल्यावर तेच खरं झालं. पंचनाम्यात गेलं. तेरवीले तू इचारलं, तवाही तेच सांगतलं. तुले चार पत्रं लिहिली, त्याच्यात दोनदा तेच लिहिलं.

परवा गटाच्या सभेत मी उभं राहून सगळ्याईले हे सांगतलं. अध्यक्षपद सोडलं. एकीनं पाणी आणून दिलं, तेच जास्त लागलं. खुशालभाऊले त्याच्या आदल्या दिवशीच सांगतलं होतं. ते उठले, जुनी जाळी खांद्यावर घेतली आन् तलावावर गेले. तवापासून माह्या हातचं जेवत नाईत. आपली भाकर आपण थापतात. जाड थापतात, कच्ची राह्यते. मी पाहतो.

आज पहाटे मी तिच्या झाडाखाली उभी राह्यली. दोघीजणी सोबत होत्या, आता तसाच नियम आहे. सवयीनं तोंडातून हाक गेली. त्या दोघी घाबरून माह्याकडे पाहत राह्यल्या.

मोनू, माफी नाई मागत. माफी मागाले मी लय मोठी चूक केली. तू येऊ नको, फोन उचलू नको, मले मोठी माय म्हणू नको. पण वर्स झालं मी हाक मारून राह्यली आन् तिकडून काहीच नाई. पहिलेही असंच झालं होतं. आता मले सहन नाई होत. शिव्या लिही, दोन अक्षरं लिही, कोरं कार्ड टाक.

पण ओ दे.

वच्छला


५ एप्रिल २०२५
गडचिरोली

मोठी माय,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पाचही वाचली.

तुला माहीत नाही ते सांगते. गेल्या वर्षी तीन एप्रिलला संध्याकाळी आईचा फोन आला होता. माझी परीक्षा होती, तरी पंधरा मिनिटं बोलली. म्हणाली, 'बाईसंगं चार दिवसापासून बोलली नाई वं मी. जेवण गोड लागत नाई. आता बस झालं. सकाऊन मोह्यावर बाईनं हाक मारली का मी ओ देऊन टाकतो.'

तेरवीला तू म्हणालीस, तिनं ओ दिली. मी गटावर चिडले, पाकिटावर चिडले, तुझा नंबर बंद केला. पण एवढं एक माझ्याजवळ होतं, की माझी आई भांडण मिटवून गेली. वर्षभर मी वॉर्डात मेलेली माणसं पाहते आणि तेवढं आठवून झोपते.

आता तेही नाही.

ती रागात नव्हती, मोठी माय. ती ओ देणारच होती. ओ आली नाही तेव्हाच तू धावायला पाहिजे होतं.

फोनचं हे बाबांना सांगू नको. त्यांच्यासाठी भाकरी नरम थापून ताटाजवळ ठेव, खातील न खातील.

ओ मागितलीस. ही दिली. आता हाक मारू नको.

मोनाली